न्यूकॅसलहून डरहॅम कॅथेड्रल, एकटीच, एका दिवसात – जाऊ का?

टाईनकाठची
नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारातली, सप्टेंबरपासून न्यूकॅसलला मास्टर्स करतेय. या शनिवारी फ्लॅटमधल्या सगळ्या मुली एडिनबर्गला चालल्यात, मी नाही म्हटलं, कारण मला डरहॅमचं कॅथेड्रल बघायचंय आणि एकटीनेच बघायचंय.

कारण सांगते. लंडनहून पहिल्यांदा ट्रेनने वर येत होते तेव्हा डरहॅम स्टेशन यायच्या आधी गाडी एका उंच पुलावरून जाते, खाली घरांची छपरं आणि समोर टेकडीवर तीन मनोऱ्यांचं ते प्रचंड दगडी काम, मी हातातलं सगळं टाकून खिडकीला चिकटले. आणि पहिलं मनात काय आलं तर आजोबा. आमचे आजोबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. रविवारी मला स्कूटरवर पुढे उभं करून न्यायचे, कधी कीर्तिमंदिर, कधी न्यायमंदिर, कधी युनिव्हर्सिटीचा घुमट, आणि आत गेलं की एकच सांगायचे, "आधी वर बघ, मग इकडेतिकडे." मी इथे येऊन सतरा दिवस झाले होते तेव्हा ते गेले. तिकीट बघितलं, पण जाता आलं नाही. दहाव्याला, तेराव्याला मी व्हिडिओ कॉलवर होते, मधेच नेट जायचं आणि गुरुजींचा आवाज तुटायचा. तेव्हापासून कुठेतरी जाऊन नुसतं बसावंसं वाटतंय.

तर प्रश्न असे: एकटीने जायला सेफ आहे ना? आपण ख्रिश्चन नाही तरी आत सोडतात का, डोकं झाकायचं का, बूट काढायचे का? एक दिवस पुरेल का? मी आजवर एकटी कुठेच गेले नाहीये, कमाटीबागेत जायचं तरी आम्ही चौघी जायचो, म्हणून विचारतेय.

लेस्टरची मावशी
बाळा, आजोबांचं वाचून वाईट वाटलं. माझे बाबा गेले तेव्हा मीही इथेच होते, त्यामुळे तुला काय होत असेल ते मला कळतं.

जा, निर्धास्त जा. डरहॅम लहानसं विद्यार्थ्यांचं गाव आहे, न्यूकॅसलहून ट्रेनने पंधरा मिनिटांच्या आत पोचतेस. १६-२५चं रेलकार्ड काढलंयस ना? तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. एरवी सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आधी कमीत कमी भाड्याची अट असते, शनिवारी ती भानगड नाही. आत कोणीही जाऊ शकतं, डोकं झाकावं लागत नाही, बूट काढायचे नसतात, फक्त टोपी काढायची आणि प्रार्थना चालू असेल तर फिरायचं नाही. मी गेले होते तेव्हा तिकीट नव्हतं, दाराशी देणगीची पेटी होती, विद्यार्थ्याने जमेल तेवढं टाकावं. म्युझियमचं आणि मनोऱ्यावर चढायचं मात्र वेगळं तिकीट असतं.

नोव्हेंबर आहे, चारच्या सुमाराला अंधार पडतो हे विसरू नकोस. आणि आत दगडाची थंडी बाहेरच्या थंडीपेक्षा वेगळी असते, पायातून वर चढते, लोकरीचे मोजे घाल. परत निघालीस की इथे एक ओळ टाक, मी वाट बघेन.

सूरसागर_वॉक
मी तीन वर्षं यूकेला होतो, माझं प्रामाणिक मत सांगतो, राग मानू नकोस. चर्चेस सगळी सारखीच वाटायला लागतात, चार बघितली की पाचवं लक्षात राहत नाही. मैत्रिणींबरोबर एडिनबर्गला जा, किल्ला बघ, हस, बोल. दुःखात असताना एकटं फिरणं मला तरी फावलं नव्हतं, उलट जास्त त्रास झाला. काळजीपोटी सांगतोय.

टाईनकाठची
@सूरसागर_वॉक दादा, राग कशाला. पण मैत्रिणींबरोबर असले की मी सारखी ठीक असल्यासारखी वागते, आणि मग रात्री खोलीत येऊन दमून जाते. एक दिवस तसं वागायचं नाहीये, एवढंच.

कलाभवन_काका
दीकरी, तुझे आजोबा ओव्हरसियर होते म्हणालीस म्हणून लिहायला बसलो. मीही सिव्हिलवाला, कलाभवनात शिकलो, आयुष्य स्लॅब आणि कॉलम यात गेलं. डरहॅमला गेलेलो नाही, पण ते आम्हाला अभ्यासाला होतं.

'सगळी सारखीच' हे या इमारतीला तरी लागू नाही. काम सुरू झालं १०९३ साली, मुख्य काम पुरं झालं ११३३ मध्ये. चाळीस वर्षं, क्रेन नाही, सिमेंट नाही. आत गेलीस की आजोबांचं ऐक आणि आधी वर बघ. खांबांवरून निघालेल्या दगडी बरगड्या तिरप्या जाऊन एकमेकींना छेदतात आणि मधल्या जागेत दगडी भरणा आहे. लग्नाच्या मांडवाला आधी बांबूच्या कमानी उभ्या करतात आणि मग वर कापड टाकतात ना, तसं, फक्त हे सगळं दगडात. युरोपातल्या अशा मोठ्या छतांत हे सगळ्यात जुन्यांपैकी एक. आणि मोठ्या दालनावरच्या आडव्या कमानी नीट बघ, त्या गोल नाहीत, किंचित टोकदार आहेत. गोल कमानीची गोम अशी की रुंदी ठरली की उंची आपोआप ठरते, कारण ती अर्धवर्तुळ. टोकदार कमान पाहिजे तेवढी उंच-बुटकी करता येते, म्हणून वेगवेगळ्या रुंदीच्या कमानींची डोकी एका पातळीला आणता आली. पुढे साऱ्या युरोपात जी उंच उंच गॉथिक कॅथेड्रल्स झाली त्यांची गुरुकिल्ली इथे सापडते.

आपल्या कॉलेजच्या घुमटाचं काम चिझम साहेबाचं, लक्ष्मी विलास पॅलेसही मेजर मँटनंतर त्यानेच पुरा केला. घुमट सगळीकडून सारखा दाबतो, म्हणून त्याला गोल भक्कम बैठक लागते. डरहॅमच्या छताचं वजन मात्र वेचून ठरावीक जागी, खांबांवर उतरवलंय. हा फरक डोळ्यांनी बघून ये आणि मला सांग.

विअरकाठचा
मी डरहॅमलाच पीएचडी करतोय, मूळ रावपुऱ्याचा, त्यामुळे दोन शब्द माझेही. ताई, न्यूकॅसलहून येताना स्टेशन आधी लागतं आणि तो उंच पूल त्याच्या पुढे, तेव्हा येताना पुलावरून दिसणार नाही, पण स्टेशनातूनच कॅथेड्रल समोर दिसतं. उतार उतरून फ्रॅमवेलगेट पूल ओलांडा, बाजारचौकातून वर चढा, कॅथेड्रलसमोरच्या हिरवळीवर, पॅलेस ग्रीनवर पोचाल. विअर नदी टेकडीला तिन्ही बाजूंनी वेढा घालते, नकाशात बघा, अगदी घोड्याच्या नालेसारखी. घाईत असाल तरी दोन गोष्टी सोडू नका: उत्तरेच्या दारावरचा, दार वाजवायचा ब्राँझच्या राक्षसमुखाचा कडा, आणि पूर्वेच्या बाजूला बाहेरून भिंतीवर उंच कोरलेली गाय. गायीची गोष्ट मुद्दाम सांगत नाही, आत वाचा. आणि ईव्हनसाँगला, म्हणजे संध्याकाळच्या गायलेल्या प्रार्थनेला, थांबा. काहीच करायचं नसतं, बसायचं आणि ऐकायचं.

टाईनकाठची
सगळ्यांचे खूप आभार. थेपले केलेत (पहिल्यांदाच, कडक झालेत), आईने पाठवलेला लीलो चिवडो डब्यात भरलाय. आईला सांगितलं तर ती म्हणाली दर तासाला मेसेज कर. आजी शेजारून म्हणाली, देवळातच चाललीये ना, मग जाऊ दे तिला.

टाईनकाठची
आले जाऊन! कालच लिहिणार होते पण झोपले. मोठं लिहितेय, तुकड्यातुकड्यात टाकते.

सकाळची गाडी ऐन वेळी रद्द झाली, पाऊण तास प्लॅटफॉर्मवर कुडकुडत उभी होते आणि एकदा वाटलं की परत जावं. पण पुढची गाडी आली. डरहॅमला उतरले तर धुकं, खालचं गाव दिसतच नव्हतं आणि मनोरे मात्र वर, जमिनीचा पत्ता नसलेले. विअरकाठचा दादा, तुम्ही सांगितल्या रस्त्यानेच गेले.

दारावरचा तो कडा. सिंहासारखं तोंड, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं, दातांत कडी धरलेली. आधी वाचलं होतं, की पूर्वी कुणी गुन्हा करून पळत आला आणि ही कडी त्याने वाजवली की त्याला ३७ दिवस आत आसरा मिळायचा, तेवढ्यात त्याने एकतर समेट करायचा नाहीतर देश सोडायचा. दारावर आहे ती नक्कल, खरा कडा आत जपून ठेवलाय. तरी मी कडी हातात धरून बघितली. बर्फासारखी गार. रात्री पळत येऊन ही वाजवणाऱ्या माणसाचे हात कसे थरथरत असतील हे डोक्यातून जाईना.

आणि मग आत. काका, आधी वर बघितलं. खरं सांगू, पहिली दोन मिनिटं मला बरगड्या, कमानी काही दिसलं नाही, नुसतं डोळ्यांत पाणी आलं आणि सगळं एकमेकात मिसळलं. मग बसले, चष्मा पुसला, परत वर बघितलं. तेव्हा तुमचा मांडव दिसला. एका खांबावरून निघालेली बरगडी डोळ्यांनी धरायची आणि पलीकडच्या खांबापर्यंत सोडायची नाही, असं मी पंधरा-वीस वेळा केलं. टोकदार कमानी पण सापडल्या, अगदी किंचित टोक आहे, सांगितलं नसतं तर कळलं नसतं.

खांब! एका जोडीवर आडव्यातिडव्या नागमोडी रेघा, दुसरीवर शंकरपाळ्यासारखे चौकोन, तिसरीवर उभ्या पन्हळी. मी मफलर पसरून एकाचा घेर मोजायचा प्रयत्न केला, अर्धाही झाला नाही. तिथल्या स्वयंसेवक आजी हसल्या आणि म्हणाल्या घेर ६.६ मीटर आणि उंचीही ६.६ मीटर. रेघा जवळून बघितल्या तर एका दगडावरची रेघ शेजारच्या दगडाशी जुळवताना एके ठिकाणी बोटभर चुकलीये. नऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी ते बघितलं असेल, मुकादमाने ओरडा केला असेल, आणि मग राहू दे म्हणून सोडलं असेल. आजोबांनी ते सगळ्यात आधी पकडलं असतं.

कलाभवन_काका
वाचून अंगावर काटा आला. ती न जुळलेली रेघ तुला दिसली म्हणजे तू ओव्हरसियरची नात खरी. बहुधा ते दगड खाली कोरून मग वर चढवले असणार, म्हणूनच अशी चूक राहते. एक राहिलं, बाजूच्या मार्गिकांवरच्या छपराखाली पाव वर्तुळाच्या कमानी लपवल्यात, त्या भिंतीला आतून टेकू देतात. पुढे हेच टेकू उघडे बाहेर आले आणि गॉथिक इमारतींची ओळख झाले. लिही पुढे, मी चहा ठेवलाय.

टाईनकाठची
पुढचा भाग. हा लिहू का नको असं झालं होतं, पण लिहिते.

पश्चिमेच्या टोकाला, जमिनीत काळ्या दगडाची एक रेघ आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी, मधे क्रूस. मी बसून हात फिरवला. फ्रॉस्टर्लीचा दगड म्हणतात त्याला, इथल्याच डोंगरातला, पॉलिश केला की काळाभोर होतो आणि त्यात पांढरी पांढरी नळकांडी दिसतात, कापलेल्या भेंडीसारखी. ती करोडो वर्षांपूर्वीची समुद्रातली पोवळी. किती सुंदर म्हणून फोटो काढला आणि मग पाटी वाचली. इथे साधूंचा मठ होता तेव्हा बायकांनी ही रेघ ओलांडायची नाही. मागे उभं राहायचं.

म्हणजे मी जिथे तासभर बसून वर बघत होते, त्या खांबांजवळ बाईला येताच आलं नसतं. राणीलासुद्धा नाही: १३३३ मध्ये तिसऱ्या एडवर्डची राणी फिलिपा मठात नवऱ्याच्या खोलीत झोपली म्हणून साधूंनी तिला मध्यरात्री उठवून बाहेर काढलं, ती अंगावरच्या कपड्यांनिशी समोरच्या किल्ल्यात गेली असं सांगतात. बायकांसाठी पूर्वेला वेगळं देवघर बांधायला घेतलं, भिंतींना तडे गेले, तर म्हणाले, इथे ज्याची समाधी आहे त्या संत कथबर्टला बायका जवळ नको आहेत. मग ते पश्चिमेला, रेघेच्या अलीकडे बांधलं, बाराव्या शतकात, गॅलिली चॅपल. बीड नावाच्या विद्वान साधूची समाधी तिथे आहे, ७३५ साली वारले ते, इंग्रजांचा पहिला मोठा इतिहासकार.

आणि यातली मला लागलेली गोष्ट अशी की त्याच बीडने कथबर्टचं चरित्र लिहिलंय, आणि त्यात कथबर्टची एका मठाच्या स्त्री-प्रमुखाशी चांगली मैत्री आहे, तिला भेटायला जातो, ती विचारते, तो सांगतो. बायकांचा तिटकारा वगैरे काही नाही. ते नंतरच्या लोकांनी, त्याच्या मृत्यूनंतर चारशे वर्षांनी त्याच्या नावावर टाकलं. मी रेघेच्या अलीकडे थोडा वेळ उभी राहिले आणि मग ओलांडली. मुद्दाम, सावकाश, उजवा पाय आधी.

पोळीतली_आत्या
मुली, हे वाचून मी थांबलेच. आमच्या लग्नाच्या वेळी पोळीतल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, घरात माजघराचा उंबरठा होता, ते चार दिवस मी त्याच्या अलीकडे बसायची, ताट सरकवून द्यायचे. कुणी रागावून नाही करायचे, प्रेमाने करायचे, म्हणून जास्त लागायचं. सासूबाई शेवटी शेवटी म्हणाल्या होत्या, देवाने कुठे सांगितलंय गं हे, आमच्या सासवांनी सांगितलं. तुझा उजवा पाय वाचला आणि डोळे भरून आले.

सूरसागर_वॉक
आत्या, तुमच्याबद्दल आदर ठेवून म्हणतो, प्रत्येक धर्मात जुन्या काळी असं होतं, ते तिकडचं तिकडे राहू द्यावं. धागा सहलीचा आहे.

विअरकाठचा
दादा, तिकडचं तिकडे कसं राहील? १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून आपल्याच बडोद्यात नोकरीला आले, सयाजीरावांनी बोलावलेले, आणि त्यांना गावात राहायला एक खोली मिळाली नाही. मिळाली तिथूनही हाकललं. कमाटीबागेत झाडाखाली बसले होते, तीच आज संकल्पभूमी. ती रेघ काळ्या दगडाची नव्हती, पण सगळ्यांना दिसत होती. ताई सहलीला गेली आणि तिला हे दिसलं, यात सहलीबाहेरचं काही नाही.

सूरसागर_वॉक
मान्य. आम्ही लहानपणी त्या झाडाच्या बाजूने रोज खेळायला जायचो आणि घरी कुणी हे सांगितलं नव्हतं. मी माझं वाक्य मागे घेतो. ताई, लिही पुढे.

टाईनकाठची
आत्या, तुमचं वाचून मी इथे लायब्ररीत रडले. आता शेवटचा भाग.

बाहेर बाकावर बसून थेपले खाल्ले. मनोऱ्यावर चढले, ३२५ पायऱ्या, गोल गोल अरुंद जिना, शेवटी पाय लटपटायला लागले, पण वर धुकं फुटलं होतं आणि नदीचा तो नाल पुरा दिसला.

मग कथबर्टकडे गेले. मोठ्या वेदीच्या मागे, थोड्या पायऱ्या चढून. काही म्हणजे काही नाही हो तिथे. जमिनीत एक साधी शिळा, त्यावर नुसतं नाव कोरलेलं. पूर्वी सोन्या-रत्नांनी मढवलेलं होतं, आठव्या हेन्रीच्या माणसांनी सोळाव्या शतकात सगळं काढून नेलं. मला ते असंच आवडलं.

गोष्ट ऐका. कथबर्ट वारला ६८७ साली, समुद्रातल्या एका बेटावर, लिंडिस्फार्नला पुरला. पुढे व्हायकिंग लुटारू यायला लागले तेव्हा ८७५ मध्ये साधूंनी त्याची पेटी खांद्यावर घेतली आणि निघाले. वर्षानुवर्षं गावोगाव फिरले, मग शंभरेक वर्षं एके गावी राहिले, परत उचलली, आणि ९९५ मध्ये एके ठिकाणी पेटी जागची हलेना. किती जणांनी जोर लावला तरी हलेना. मग स्वप्नात दृष्टांत झाला की मला डनहोमला न्या, पण ते कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. तेवढ्यात एक गवळण दुसरीला विचारत चालली होती, माझी बदामी गाय बघितलीस का? ती म्हणाली, हो, डनहोमला चरतेय. साधू त्या गवळणीच्या मागे निघाले, पेटी हलकी झाली, आणि जिथे पोचले तिथे आज कॅथेड्रल आहे. म्हणून भिंतीवर गाय.

मी ते वाचताना उभ्या उभ्या हसायला लागले, आनंदाने. आपल्याकडे किती देवळांची अशीच गोष्ट आहे, पालखी जड होते, मूर्ती हलत नाही, गाय एका जागी जाऊन पान्हा सोडते. आजी मला हीच गोष्ट हिंडोळ्यावर बसवून सांगायची, फक्त गाव वेगळं असायचं. इतक्या लांब, इतक्या थंडीत, कुणालातरी तीच गोष्ट सुचली.

आणखी एक जागा सांगायची राहिली. खाणीत मेलेल्या कोळसा-कामगारांचं स्मारक, १९४७ चं, काळसर लाकडाचं, शेजारी खाणीतला दिवा. इथे जुलैमध्ये खाणकामगारांचा मेळा भरतो, गावोगावची निशाणं बँड वाजवत कॅथेड्रलमध्ये आणतात, खाणी बंद झाल्या तरी अजून आणतात. स्वयंसेवक आजींचे वडील खाणीत होते. मी त्यांना आपल्या नरसिंहजींच्या वरघोड्याबद्दल सांगितलं, की देवदिवाळीला निघतो, रस्ते भरून जातात, आणि मी यंदा नसेन. त्या काही बोलल्या नाहीत, माझ्या हातावर हात ठेवला.

मेणबत्त्यांचं स्टँड होतं. मी दहा मिनिटं घुटमळले, आपण लावावी का, चालतं का, आजोबांना चालेल का. मग लावली. शेजारच्या जळत्या ज्योतीवर धरली, वात पेटायला वेळ लागला, मेण बोटावर सांडलं. मनात रामरक्षा म्हटली, दुसरं काही येत नव्हतं.

ईव्हनसाँगला थांबले. बाहेर अंधार, आत लाकडी बाकांवर छोटे छोटे दिवे. गाणाऱ्या मुलामुलींचे आवाज वर जाऊन छताला लागून परत खाली येतात, तेव्हा कोण गातंय ते कळत नाही. हातात कागद दिला होता त्यात शब्द होते. एक गाणं रोज असतं म्हणे, एका म्हाताऱ्या माणसाचं, सिमियन त्याचं नाव. ज्याची वाट बघत आयुष्य काढलं ते त्याने डोळ्यांनी बघितलं आणि तो देवाला म्हणतो, आता तुझ्या सेवकाला शांतीने जाऊ दे.

आजोबा गेले त्याच्या आदल्या रात्री मी त्यांना व्हिडिओवर माझी खोली दाखवली होती. टेबल, खिडकी, युनिव्हर्सिटीचं कार्ड. त्यांनी कार्ड कॅमेऱ्याजवळ आणायला लावलं, नाव वाचलं, आणि म्हणाले, "झालं, बघितलं." मला वाटलं होतं ते दमलेत म्हणून तसं म्हणतायत.

सव्वासहाला बाहेर पडले. मावशी, ट्रेनमधून तुम्हाला ओळ टाकायची राहिली, माफ करा, फोन बॅगेतच होता.

लेस्टरची मावशी
माफी कसली गं. मी दहा वाजेपर्यंत फोन उशाशी घेऊन होते, पण आता वाचून सगळं भरून पावलं. मेणबत्तीचं म्हणशील तर कुणी विचारत नाही कोण लावतंय. मी दरवर्षी बाबांच्या तिथीला इथल्या चर्चमध्ये लावते आणि घरी समईही लावते. दोन्हीकडे तेच बाबा.

कलाभवन_काका
"झालं, बघितलं." साइटवर काम पास करताना आम्ही ओव्हरसियर लोक हेच म्हणायचो. पोरी, त्यांनी तुला पास केलंय. एवढंच सांगतो.

सूरसागर_वॉक
परत यूकेला आलो तर पहिलं डरहॅम. मी तीन वर्षांत न बघितलेलं तू एका दिवसात बघितलंस.

विअरकाठचा
ताई, पुढच्या वेळी कळवा, डबा खाऊ बरोबर, मग तुम्ही एकट्या आत जा, मी बाहेर थांबेन. म्युझियम राहिलंय तुमचं, कथबर्टची ६९८ सालची ओकची कोरीव पेटी तिथे आहे, तुकडे जोडून ठेवलीये. आणि त्याचा कंगवा.

टाईनकाठची
नक्की येईन. काका, काल रात्री तुमचा मेसेज बाबांना वाचून दाखवला, ते काही बोलू शकले नाहीत, उठून गॅलरीत गेले.

आजीला गोष्ट सांगितली. पेटी, साधू, स्वप्न, सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारते, "आणि त्या बाईची गाय सापडली का शेवटी?" म्हटलं हो आजी, तिथेच चरत होती. "दूध काढायची वेळ झाली असेल गं तिची," म्हणाली, आणि फोन आईकडे दिला.